इवायांनी दिव्याला लावलेली टिकली

ये, अशी जवळ सरक. लिहून सांगते आहे म्हणून काय झालं, तू इथं माझ्या बाजेवर पाय वर घेऊन बसली आहेस असंच मी धरून चालते, आणि म्हणून आधी दोन शब्द ऐकून घे. मोबाईलवर गाडीतल्या पिवळ्या दिव्याचा फोटो पाठवतेस आणि खाली लिहितेस की मावशी, तीन आठवडे झाले हा दिवा लागलाय, तुझ्या त्या इवायांना विचार ना. तीन आठवडे! दूध उतू गेल्याचा वास आला तर तीन आठवडे बसून राहशील का? रोज त्याच गाडीत बसतेस, त्याच दिव्याकडे बघतेस, आणि मावशीच्या वाट्याला नुसता फोटो. स्वतः यायचं म्हटलं की तुला सुट्टी नसते.

विचारलं मी त्यांना. काय म्हणाले ते सांगते, पण आधी ते कोण हे नीट समजून घे, कारण तू त्यांना सुजाताच्या लग्नात एकदाच पाहिलंस, आणि तेव्हा नवऱ्या मुलाचा बाप असूनही ते एकाही फोटोत नाहीत. सगळे फोटो निघत होते तेव्हा ते हॉलच्या मागं वऱ्हाडाच्या गाड्यांची चाकं वाजवत फिरत होते.

वाशिम जिल्ह्यात ज्या ज्या चाकात हवा आहे, ती आमच्या इवायांना विचारून आत बसलेली आहे. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. इवाई म्हणजे माझ्या सुजाताचे सासरे. तुमच्या पुण्याकडे व्याही म्हणतील, आपल्याकडे इवाई, आणि मी त्यांची ईनबाई. माणसानं उभा जन्म बसच्या डेपोत टायरच्या कामावर काढला. सकाळी बस निघायच्या आधी लोखंडी रॉड घेऊन प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. टणक आवाज आला की बस जाऊ द्यायची, दबका आला की थांबवायची. मीटर लावून हवा मोजणाऱ्याला ते माणसात धरत नसत. "मीटर म्हंजे दुसऱ्याच्या कानानं आयकनं," असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी शाल दिली, नारळ दिला, आणि यांनी तो रॉड मागून घेतला. शाल कुठं आहे विचारशील तर त्यांना सांगता यायचं नाही. रॉड मात्र समोरच्या खोलीत, बुद्धाच्या फोटोखालच्या कोपऱ्यात उभा असतो. सुजाता रोज फोटो पुसते, हे रोज रॉड पुसतात.

वाजवण्याची सवय चाकांपाशी थांबली असती तर ठीक होतं. पण या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय पटतच नाही. टरबूज तर सगळेच वाजवतात. हे कोहळं वाजवतात, गॅसचा सिलिंडर वाजवतात, नव्या घराची भिंत वाजवतात आणि घरमालकाला तोंडावर सांगतात की इथं सिमेंट कमी हाय. सुजाताला बघायला आमच्या आसेगावच्या घरी आले, तेव्हा सगळे मुलीकडं पाहताहेत आणि हे आमच्या माठाकडं. चहा आला, पोहे आले, मुलीला शिक्षण विचारून झालं. हे उठले, माठावर बोटाच्या पेरानं दोन टिचक्या मारल्या आणि मला म्हणाले, "जयभीम ईनबाई, पोरगी चांगली हाय. माठाले चीर हाय." अजून होकार-नकार ठरायचा होता आणि हा माणूस मला ईनबाई करून मोकळा झालेला. मी मनात म्हटलं, पोरगी या घरात दिली तर रोज वाजवून घेतील. पण चौथ्या दिवशी माठाखाली ओल आली, आणि मी म्हटलं, ज्या माणसाला न दिसणारी चीर ऐकू येते त्याच्या घरात माझी पोर दुखली-खुपली तर कुणाला तरी कळेल. लग्न त्या माठानं जमवलं म्हण.

माणसांचंही त्यांच्याकडं हवेतच मोजमाप. शेजारचा एक जण नोकरीतून घरी बसला तर म्हणाले, त्याच्या चाकाचा वाल गळून राह्यला. कुणी फार ऐट केली तर, हवा जास्त झाली, उन्हात फुटन. मला लग्नात सगळ्यांसमोर म्हणाले की ईनबाई, तुमच्यात दोन पौंड जास्त हाय. मी काही ऐकून घेणारी नव्हे. मी म्हटलं, इवाई, तुमच्या टकलावर तर टायरचे गोटेच राह्यले नाई, सारं घासून गुळगुळीत, तुमाले रस्त्यावर कोन सोडन. तेव्हापासून आमची जी जुगलबंदी सुरू झाली ती आजवर. बायको त्यांची मुलाच्या लग्नाच्या आधीच गेलेली, मुलगा पुण्याला नोकरीला, सून दिवसभर बाहेर. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी मी वाशिमला चार दिवस जाऊन राहते. कुणीतरी भांडायला हवं ना माणसाला.

आता दिव्याकडं येते. सुजाता नर्स आहे, मेडशीच्या दवाखान्यात. सकाळची बस चुकली की हजेरी चुकते, म्हणून जावयानं गाडी घेऊन दिली. पांढरी, छोटी, आत बसलं की नव्या चपलेचा वास. इवायांनी पहिल्याच दिवशी चारही चाकं वाजवली आणि पास केली. पुढं रोज सकाळी सुजाता डबा भरायची आणि हे रॉड घेऊन चार ठोके द्यायचे. ती निघाली की हात वर करायचे, डेपोतल्यासारखा. बरं चाललं होतं. मग मागच्या थंडीत एका सकाळी तो पिवळा दिवा लागला.

तुझ्या फोटोत आहे तोच. त्यांनी चष्मा लावून दहा मिनिटं त्याच्याकडं पाहिलं. मला तर तो शेवेच्या कढईत झारा उभा केल्यासारखा दिसतो, पण गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की हे चाकाचं चित्र आहे आणि याचा अर्थ कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे. सुजातानं वाचून दाखवलं. इवाई गाडीतून उतरले, चारही चाकं वाजवली आणि म्हणाले, दिवा खोटारडा हाय. एवढंच म्हणून थांबले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांना तो दिवा लागलेला नाही दिसला, त्यांना कुणीतरी आपल्या कामात चूक काढलेली दिसली.

मग त्या दिव्याला वठणीवर आणायचे उपाय सुरू झाले. आधी म्हणाले थंडी हाय, थंडीत हवा आखडते. त्यात तथ्य आहे बरं, ते मला नंतर कळलं. पण यांनी रविवारी गाडी अंगणात अशी फिरवली की सकाळी डावीकडून ऊन, दुपारी उजवीकडून, जसे आपण पापड उलटवतो. रात्री चाकांना गारठा लागू नये म्हणून चार चाकांवर चार गोधड्या. त्यातली एक मी सुजाताच्या लग्नात दिलेली, माझ्या हातची, बारीक टाक्यांची. मी गेले तेव्हा ती डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर होती. त्यावरून दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना ते कळलंही नाही.

नंतर म्हणाले की दिव्याला स्टेपनीचा संशय असल. स्टेपनी काढून समोरच्या खोलीत आणली आणि टीव्हीशेजारी ठेवली. पंधरा दिवस येणारा-जाणारा तिच्यावर बसून चहा पीत होता. दिवा तसाच. मग ठरलं की त्याच्याकडं लक्षच द्यायचं नाही, हट्टी पोरासारखा आपोआप गप्प होईल. तोही झाला नाही. मध्ये एकदा सुजातानं येताना पेट्रोल पंपावर हवा भरून आणली आणि दिवा विझला. इवाई त्या दिवशी जेवले पण भाजीला नाव ठेवलं नाही, म्हणजे बघ. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला तेव्हा त्यांच्या अंगात जीव आला. "पंपावरच्या हवेत दम नसते," म्हणाले, आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सुजाता म्हणाली, बाबा, आपण एकदा चौकातल्या चाचांकडं दाखवू. पंक्चरचं दुकान त्यांचं. इवायांच्या हाताखालीच ते काम शिकले. यांनी साफ नकार दिला. चेल्याच्या दारात उस्तादानं गाडी न्यायची आणि विचारायचं की बाबा, माझ्या चाकात हवा आहे का?

शेवटी मी असतानाच एका संध्याकाळी माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले. म्हणाले, "ईनबाई, टिकली द्या एक. मोठी."

मी म्हटलं, या वयात?

मी लावते ती मरून रंगाची, चांगली आठ आण्याच्या नाण्याएवढी. पाकिटातून एक काढून दिली. ते गाडीत गेले आणि बरोब्बर त्या दिव्यावर टिकली चिकटवून आले. हात झटकले आणि खुर्चीत बसले, एखादा मोठा बिघाड दुरुस्त केल्यासारखे. सुजातानं कपाळाला हात लावला. मी हसून हसून बेजार. पण हसता हसता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आत कुकरच्या पाच शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि तीनला बंद करायचं काम इवायांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताला डबा द्यायला मी गाडीपाशी गेले. ती घरात किल्ली शोधत होती. इवाई रॉड घेऊन फिरत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना वाजवताना शंभरदा पाहिलं असेल, पण ऐकलं कधीच नव्हतं. आपलं काय जातं, वाजवणारा वाजवतोय, ऐकणारा ऐकतोय. त्या दिवशी मी दोन हातांवर उभी होते आणि गल्ली शांत होती. पुढचं एक, टण्ण. पुढचं दुसरं, टण्ण. मागचं उजवं, तेही टण्ण. आणि मागचं डावं, भद्द. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं.

"चारही टंच," इवाई म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, ते मागचं पुन्हा एकडाव वाजवा बरं.

"काहून? तुमी कधी लागल्या डेपोत?"

"वाजवा तर."

वाजवलं. भद्द. आणि मग मला ते दिसलं. ठोका दिला की ते चाकाकडं पाहत नव्हते, कान लावत नव्हते. ते माझ्या तोंडाकडं पाहत होते. माझ्या तोंडावर काय उमटतं ते वाचत होते. बाई गं, किती दिवसांपासून हा माणूस चाकं वाजवून लोकांची तोंडं वाचत होता कोण जाणे.

रॉड खाली टेकवून ते हळूच म्हणाले, "काय वाजलं, ईनबाई?"

थट्टेतली माणसं आम्ही, पण त्या वेळी मला थट्टा सुचली नाही. मी म्हटलं, तीन टणटणीत आहेत. हे दबकं आहे.

ते वाकले आणि त्या चाकावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "मले चारही सारखेच आयकू येते. दोन वर्सं झाले. साऱ्या दुनियेचा आवाज एकसारखा होऊन राह्यला." आणि घराच्या दाराकडं पाहून, "सुजाताले सांगू नका. ती म्हनन, बुढा कामातून गेला."

मेडशीचा रस्ता तुला माहीत आहे. मोठमोठ्या ट्रका, आणि ही एकटी पोर त्यांच्यामधून रोज जाते-येते. तिचा सासरा मला आवडतो, फार आवडतो, पण ती माझी लेक आहे. मी म्हटलं, "तिले सांगत नाई. पन या चाकावर तिले बसू देत नाई. आता तुमी सांगता का मी सांगू?"

तेवढ्यात सुजाता किल्ली घेऊन बाहेर आली. या माणसानं जन्मात आपला शब्द मागं घेतलेला मला माहीत नाही. त्यांनी घसा साफ केला आणि डेपोत ड्रायव्हरला सांगावं तसं सांगितलं, "आज गाडी रस्त्यावर जात नाई. मागच्या डाव्यात दम नाई."

सुजाता म्हणाली, काल तर चारही टंच होते. ते म्हणाले, कालचं काल. ती माझ्याकडं पाहायला लागली, मी डब्याच्या झाकणाकडं. बडबडत बसनं गेली बिचारी, हजेरी चुकली तिची त्या दिवशी.

ती गेल्यावर मी त्यांना गाडीत बसवलं, म्हणजे गाडी त्यांनी चालवली, मी शेजारी बसून चिडवलं, आणि दुसऱ्या गल्लीतला चौक येईपर्यंत आम्ही इतक्या हळू गेलो की एक म्हैस पुढं निघून गेली. चाचांनी उस्तादाला पाहिलं आणि हातातलं काम टाकून उठले. गाडीत वाकून पाहिलं तर ती टिकली. म्हणाले, "उस्ताद, गाड़ी की शादी कब हुई?" इवाई एरवी चिडले असते. आज त्यांनी नुसती किल्ली पुढं केली. चाचांनी विचारलं कोणतं चाक. इवायांनी माझ्याकडं पाहिलं, मी पदर सावरल्यासारखं करून डावीकडं मागं बोट केलं, आणि ते ठणकावून म्हणाले, पीछे का बायाँ.

चाक काढलं, साबणाचं पाणी लावलं, आणि एका जागी बारीक बारीक फुगे यायला लागले. आत खिळा. करंगळीच्या पेराएवढा, मांडवाला मारतात तो. जानेवारीत एका लग्नाला गाडी नेली होती, तिथं घुसला असावा. हा मांडवखिळा इतका घट्ट बसलेला की हवा एकदम जात नव्हती, चार-पाच दिवसांत झिरपत होती. चाचांनी मीटर लावलं. तेहतीस पौंड हवी तिथं एकोणीस. इवाई त्या काट्याकडं बघत राहिले. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या त्याच्यासमोर उभं राहायला हिंमत लागते, मी तर म्हणते.

ते पाण्याच्या हौदाशी हात धुवायला गेले तेव्हा चाचा माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आपा, मेरेकू मालूम है. उस्ताद दुकान पे आते, गाड़ियाँ बजाते, पास करते. उनके जाने के बाद मैं मीटर लगा के भर देता." मी म्हटलं, कितने दिन से? त्यांनी दोन बोटं वर केली. दोन वर्षं.  हवा भरून झाली, दिव्याला नवी हवा शिकवायचं गाडीतलं बटण दाबून धरलं, चौकाला एक चक्कर मारली आणि मग इवायांनी स्वतःच्या नखानं टिकली काढली. खाली दिवा नव्हता. नुसता गोंदाचा गोल राहिला होता, तो अजून आहे.

तर तुझ्यासाठी त्यांचा निरोप असा. दिवा गप्प जळत असेल तर हवेचा आजार, सुरुवातीला लुकलुकत असेल तर यंत्राचा. सकाळी गाडी चालवायच्या आधी, चाकं थंड असताना हवा बघ. किती हवी ते दाराच्या आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. भरूनही पुन्हा लागला तर समज, खिळा आहे. आणि मीटर लावून घे. हो, मीटर म्हणाले ते. मी दोनदा विचारलं.

सुजाताला मी काहीच सांगितलं नाही, शपथ. पण महिन्याभरात तिनं कानाचं मशीन आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, बाबा, बातम्या नीट ऐकू येतील. नर्स आहे ती. तिला कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. मशीन ते लावतात, बातम्यांना, भांडायला, भाजीवाल्याशी. फक्त चाकं वाजवताना काढून खिशात ठेवतात. म्हणतात, त्यातून चाक पत्र्यासारखं वाजतं, बेइमानी वाटते.

मग चाकं कोण ऐकतं, असं विचारशील. दर सोमवारी सकाळी आसेगावला माझा फोन वाजतो. हॅलो नाही, जयभीम नाही, नुसते चार ठोके. शेवटच्यानंतर जरा थांबतात आणि म्हणतात, "बोला." मी म्हणते, चारही टंच. सुजाता निघते, ते हात वर करतात. दिवा तिकडं विझलेलाच असतो आणि चाकाचं जे काय ते तोच आमच्या आधी सांगेल, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण सोमवारी आठ वाजता मी कुणाला फोन करू देत नाही, गॅसवरचं दूधही उतरवून ठेवते.

म्हणून म्हणते, ये. फोटो पाठवू नकोस, हवा भरून घे आणि गाडी घेऊनच ये. आपण वाशिमला जाऊ. इवाई रॉड घेऊन दारातच असतील, तुझी चारही चाकं वाजवतील आणि माझ्याकडं पाहतील, तेव्हा तू मध्ये बोलू नकोस. मात्र तुझे कान तरुण आहेत, तर माझ्याजवळ उभी राहा आणि नीट ऐक. आणि लवकर ये गं, दिवाळीपर्यंत थांबू नकोस. या सोमवारी तिसरं चाक मला दबकं आलं म्हणून मी त्यांना दोनदा वाजवायला लावलं, आणि चाकात काही कमी नव्हतं.